मिठाची वाटी

सासऱ्यांचं बीपी दाखवायला गेले होते आणि सापडले मी.

गेल्या वर्षीचा जुलै. पाऊस असा की शिरोड्याच्या बाजारात छत्री उघडून काही उपयोग नाही. बाबांची गोळी संपली होती आणि तीन-चार दिवस त्यांना गरगरल्यासारखं होत होतं, म्हणून त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. बाबांचं भरलं १६८/९६. डॉक्टर त्यांच्यावर रागावले, गोळी नियमित घ्यायचं वचन घेतलं आणि पट्टा सोडता सोडता माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्हीही बसा जरा." मी हसत हात पुढे केला. वय एक्केचाळीस, आजवर कसला आजार नाही. आकडा आला १४८/९४. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं, १४४/९२.

डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ घरी मोजा, लिहून आणा, मग बघू, म्हणाले. आणि उठता उठता विचारलं, "पावसात तुमच्याकडे जेवायला काय असतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर देताना माझं मलाच ऐकू यायला लागलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर लोणचं किंवा चुलीवर भाजलेला खारा बांगडा. दुपारी भात, कुळथाची पिठी, तोंडी लावायला सुकटीची चटणी, पापड. रात्री तेच थोडं इकडे तिकडे करून. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजा मासा नाही, म्हणजे मेमध्ये भरून ठेवलेला सुका बाजारच चालायचा. बाबांना जुलैमध्येच त्रास होतो हे आम्हाला माहीत होतं. 'दमट हवा बाधते' असं आम्ही दर वर्षी म्हणायचो. हवेचा काही संबंध नव्हता, ती खाऱ्या बांगड्यांची माळ होती.

डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहून दिला. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजीतलं, लोणच्यातलं, बिस्किटातलं, सगळं आलं. मी पतपेढीत कारकून आहे, आकडा दिला की हिशेब करावासा वाटतो. घरात आम्ही सहा माणसं. सहा गुणिले पाच गुणिले तीस, नऊशे ग्रॅम. म्हणजे एक किलोचं पाकीट महिना पुरून उरायला हवं. १ ऑगस्टला नवं पाकीट फोडलं, त्यावर पेनाने तारीख घातली. १६ तारखेला ते संपलं. मासे धुवायचं, भांड्यांना लागणारं जाडं मीठ मागच्या पडवीतल्या बरणीत वेगळं असतं, ते यात धरलेलं नाही. थोडं कुत्र्याच्या ताटात गेलं असेल, पण तरी माणशी रोजचे दहा ग्रॅम होत होते. आणि लोणचं, पापड, सुके मासे त्याच्या वर.

आईंना (म्हणजे सासूबाईंना) हा हिशेब सांगितला तेव्हा त्या विळीवर नारळ खवत होत्या. हात थांबला नाही. "मिठाक जागणारी माणसा आमी. आता मीठ मोजून खावक सांगतंस?"

त्यांचं दुखणं मला कळत होतं. त्यांचं माहेर मिठागराच्या कडेला, त्यांचे वडील मिठागरात काम करायचे. १९३० साली याच शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, लोकांनी मिठासाठी मार खाल्ला, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. अशा गावात, अशा घरात, सून येऊन म्हणते की मीठ कमी करा. वर मी ते पतपेढीतल्या आवाजात म्हटलं असणार, हप्ता थकलेल्या माणसाशी बोलतो तशा. तो पहिला दिवस वाया गेला.

घरातलं जेवण दोन बायका करतात, सकाळी आई आणि संध्याकाळी मी. दोघीही अंदाजाने मीठ घालतो. आमच्या सगळ्या पाककृतींत 'चवीपुरतं मीठ' असतं, आणि ती चव कुणाची हे कुणी लिहीत नाही. आमच्या घरात ती बाबांची होती. त्यांना जरा अळणी लागलं की ते ताटातलं मीठ बोटाने भातात कालवायचे, ते टाळायला आई आधीच हात सैल सोडायच्या. मग त्याच हाताचं जेवून माझा मुलगा वाढला आणि त्यालाही ताटात मीठ लागायला लागलं.

मी एक स्टीलची छोटी वाटी घेतली. सकाळी उठल्यावर त्या दिवसाचं मीठ त्यात मोजून काढायचं. स्वयंपाक कुणीही करो, काहीही करो, मीठ त्या वाटीतूनच. संपलं की संपलं. मिठाची मोठी बरणी कपाटात वर. ताटात मीठ वाढायचं बंद, ते भांडंच काढून टाकलं. एकदम पाच ग्रॅमवर आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरात बंड झालं असतं, म्हणून बारा चमच्यांवरून आधी नऊ, दोन आठवड्यांनी सात, मग सहा, असं उतरत गेलो. आता वाटीत पाच चमचे असतात. हिशेबाने चारच हवेत, कारण बाहेरचं मीठ पोटात जातंच. पण पाचाच्या खाली मला अजून जाता आलेलं नाही.

वाटीचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. आई सकाळी आमटीत जास्त मीठ घालून बसल्या तर संध्याकाळी माझ्या भाजीला उरायचं नाही. मग त्या मलाच विचारायला लागल्या, "रातीक काय करतलंस?" वीस वर्षांत आम्ही दोघींनी कधी दिवसभराचं जेवण एकत्र ठरवलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे सगळंच अळणी लागलं, खोटं कशाला सांगू. नवरा जेवायच्या आधी दुकानासमोरच्या गाड्यावर भजी खाऊन यायचा. मुलगी म्हणाली, आमटीला पाण्याची चव आहे. मग आंबटावर जोर दिला. सोलं, तिरफळ, लसूण, ओली मिरची, आलं, कोथिंबीर. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं दोन जास्त आणि सोलं तीन जास्त घातली तर मीठ निम्मं झालेलं कळत नाही. कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी करपायच्या जरा आधीपर्यंत नेली की तीच गोष्ट. मीठ सगळ्यात शेवटी घालायचं, हेही करून बघा. आधी घातलेलं शिजताना आत मुरतं, शेवटी घातलेलं जिभेला आधी लागतं.

सोलकढीने मात्र फसवलं. आमच्याकडे कढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची करतात. आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ असतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं नारळाच्या रसात आगळ ओतून वर पुन्हा चिमूटभर मीठ घालत होतो. आरोग्याला चांगली म्हणून मी बाबांना रोज दोन पेले द्यायचे! आता सोलं भिजवून कढी करते, तीही आमच्याच परड्यातली, न खारवलेली. रंग जरा फिका येतो.

दरम्यान सल्ले सुरू झाले. एक म्हणाली सैंधव वापरा, त्याने बीपी वाढत नाही. दुसरीने 'लो सोडियम' मिठाचं पाकीट आणून दिलं. आईंचं म्हणणं, आपल्या मिठागराचं जाडं मीठ सौम्य असतं, तेच घाला. हे तिन्ही प्रश्न मी डॉक्टरांकडे नेले. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड, म्हणजे मीठच आहे, फक्त गुलाबी. जाड्या मिठाचे खडे मोठे, म्हणून चमच्यात वजनाने कमी बसतं, एवढाच त्याचा सौम्यपणा. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं नसतं, तेव्हा जेवणात पाकिटातलंच घाला, पण कमी. आणि लो सोडियमच्या पाकिटात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बाबांची गोळी टेल्मिसार्टन, तिनेही पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून किडनीची तपासणी झाल्याशिवाय ते पाकीट त्यांच्यासाठी उघडू नका, असं त्यांनी बजावलं. मैत्रिणीला काय सांगायचं हा प्रश्न होता. मी ते अजून माळ्यावर ठेवलंय.

मोजायचं यंत्र घेतलं, दंडावर बांधायचं. तेव्हा कळलं की आम्ही आजवर बीपी चुकीचं मोजत होतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीला टेबलावर. बाही वर करून घट्ट बसवायची नाही, सरळ काढायची. एका मिनिटाने दुसरं माप. घरच्या यंत्रावर १३५/८५ च्या खाली हवं. बाबांना या सगळ्यात एकच गोष्ट जमत नाही, गप्प बसणं. पट्टा फुगायला लागला की त्यांना गावातली एखादी भानगड आठवते. वही मुलीकडे दिली. पाचवीत आहे, अक्षर चांगलं आहे आणि ती आजोला दटावू शकते. आम्ही कुणी दटावू शकत नाही.

आठवड्याच्या मापांची सरासरी माझी १४१/९० आली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने देतो. मीठ, वजन, चालणं. नाही उतरलं तर गोळी.

चालणं. कोकणात जुलैत चाला म्हणणारा डॉक्टर एक तर घाटावरचा असतो किंवा विनोदी. घराची पडवी बारा पावलांची. बाबा रेडिओवरच्या बातम्या लावून तिथेच येरझारा घालायचे, मी जेवणानंतर त्यांच्या मागे. नवऱ्याने एक शहाणपण केलं. दर वर्षी लावणीला माणसं लावून स्वतः दुकानात बसायचा, या वर्षी चार दिवस चिखलात उतरला, तरवा काढला, लावला. पाचव्या दिवशी त्याला कंबर सरळ करता येईना. 'आधीची माणसं काय खायची आणि कशी ठणठणीत असायची' हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर जरा कमी झालंय. आधीची माणसं खारे बांगडेच खायची. पण दिवसभर घाम गाळून खायची, आणि त्यातली कितीतरी पन्नाशीत अर्धांगाने गेली, ते आम्ही विसरून जातो. माझे आजेसासरे त्यातलेच.

चवथीला सगळं मोडलं. ते मी आधीच धरून चालले होते. मुंबईहून दोन दीर, जावा, पोरं, घरात सतरा माणसं. रोज रात्री भजनाची मंडळी, त्यांच्यासाठी उसळ, चहा, करंज्या, लाडू. सतरा माणसांत मिठाची वाटी कुठून चालणार? ती फडताळात गेली. त्या दिवसांत माझं बीपी पुन्हा १४६ झालं आणि चाकरमानी परत गेल्यावर दोन दिवस मला ती वाटी बाहेर काढायचीच इच्छा होईना. ती काढली आईंनी. सकाळी मी उठले तर ओट्यावर वाटी होती, सात चमचे मोजून ठेवलेले. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

आईंबद्दल आणखी एक सांगायला हवं. मशेरी त्यांनी सोडलेली नाही. दिवसातून तीनदा लावायच्या, आता दोनदा, असं त्या म्हणतात. मी डबी लपवून बघितली, रडवेल्या होऊन समजावून बघितलं, तोंडाच्या कॅन्सरचे फोटो दाखवून बघितले. फोटो दाखवले त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि सकाळी मशेरी लावली. इथे मी हरले आहे.

ऑक्टोबरात पाऊस उघडला आणि खरं चालणं सुरू झालं. आधी वेळागरच्या किनाऱ्यावर जायचो. सुरूच्या बनातून वाळूवर उतरलं की फार बरं वाटतं, पण मऊ वाळूत बाबांचे गुडघे दुखायला लागले. मग रस्ता बदलला, आरवलीच्या वेतोबापर्यंत. आमच्या घरापासून जाऊन येऊन पाऊण तास. वेतोबा रात्री गावाची फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी आमच्याकडची श्रद्धा, म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. देवळात त्या एवढाल्या वहाणांसमोर उभे राहून बाबा म्हणाले, "हो काय तरणो आसा? तरी रोज फिरता. माका काय झाला?" तेव्हापासून फिरायला निघायचं म्हणजे 'वहाणा झिजवायला' निघायचं. आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला हवं, म्हणतात. पाच दिवस गेलो तर दोनशे पंचवीस होतात, तीनच दिवस गेलो तरी सव्वाशेच्या वर. बाबा नेमाने जातात, मी चार दिवस. नवरा रविवारी, आणि त्या एका रविवारावर आठवडाभर बोलतो.

मुलाचं सांगायचं तर तो नववीत, त्याला चालायला सांगणं म्हणजे शिक्षा. पण एकदा त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं आणि मी सहज विचारलं, यात मीठ किती? मागे सोडियम लिहिलेलं असतं, मीठ नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. त्याने मोबाइल काढला. शंभर ग्रॅमला नऊशे मिलिग्रॅम सोडियम, पाकीट पन्नास ग्रॅमचं, म्हणजे चारशे पन्नास, गुणिले अडीच, १.१ ग्रॅम मीठ. एका पाकिटात आजोच्या दिवसाच्या मिठातला पाचवा हिस्सा. मग त्याला नादच लागला. फडताळातला प्रत्येक डबा, पाकीट, बाटली उलटी करून झाली. सॉस, खारी, टोस्ट, नूडल्सचा मसाला. गोड बिस्किटातही मीठ निघालं तेव्हा तो खूश झाला, चोर पकडल्यासारखा. वेफर्स सोडले असं नाही. पण आता तो पाकीट बहिणीबरोबर वाटून खातो आणि तिला तिचे मिलिग्रॅम सांगतो. ते ऐकून ती निम्मं ठेवून देते.

जेवायची वेळ साडेनऊवरून आठवर आली, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. वादळात केबल गेली, तीन आठवडे आली नाही, आणि मालिका नसल्यावर लवकर जेवायला कुणाची हरकत उरली नाही. केबल आली तेव्हा वेळ बसली होती.

पतपेढीतलं फरसाण बंद केलं तो दिवस मला लक्षात आहे, कारण त्या दिवशी सहकारी रुसले. चार वाजताचा चहा आणि फरसाण आम्ही वर्गणी काढून आणायचो. मी शेंगदाणे न्यायला लागले, घरी भाजलेले, बिनमिठाचे. आता आमच्यातली आणखी एक माझ्याच डब्यात हात घालते, वर्गणी मात्र अजून फरसाणाची देते.

नोव्हेंबरात तीन महिन्यांची मुदत संपून वर दिवस झाले होते. आठवड्याची सरासरी १३२/८४. माझं वजन साडेतीन किलोने उतरलं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही, वही चालू ठेवा म्हणाले. बाबांची गोळी आहे तशीच आहे, ती सुटणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण आता ते ती घेतात आणि १३८ च्या आसपास असतात. बाबांना वाटत होतं एवढं अळणी खाल्लं म्हणजे गोळीतून सुटका. तो त्यांचा अपेक्षाभंग अजून गेलेला नाही.

जानेवारीनंतर मिठागराकडून जाताना पांढरे ढीग दिसायला लागले. आई रिक्षातून बघत होत्या. म्हणाल्या, बापाच्या पायांना भेगा पडायच्या खारट पाण्याने, रात्री खोबरेल चोळून द्यायचे मी. एवढंच. मिठाबद्दल त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि मी तो विषय काढला नाही.

मेमध्ये सुका बाजार भरायची वेळ आली. बंद करायचा नाही असं आम्ही ठरवलं, कारण खाऱ्या बांगड्याशिवाय पेज ही कल्पना बाबांना सहन होईना. "पेजेक तोंडाक कायतरी होया मा." मग दर वर्षीच्या चार माळांऐवजी एक माळ. महिन्यातून दोनदा, आणि आदल्या रात्री भिजत घालून, पाणी दोनदा बदलून. बाकीच्या दिवशी पेजेबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी, नाहीतर टाकळ्याची भाजी. टाकळा पहिल्या पावसात घराच्या पायरीशीच उगवतो, विकत आणायला नको. लोणचं घातलं, पण निम्मी बरणी.

आता पुन्हा जुलै आहे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी बाबांचं माप १५२ आलं. गोळी घेतली होती, पडवीत फेऱ्या झाल्या होत्या. काही कळेना. सकाळी मागच्या दारी गेले तर केळीच्या बुंध्याशी बांगड्याचा काटा पडला होता, डोक्यापासून शेपटीपर्यंत साफ. वर माळेत एक जागा रिकामी.

"बाबा, एक बांगडा कमी आहे."

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. "मांजरान व्हरल्यान."

"भाजून?"

यावर उत्तर आलं नाही. आई चुलीकडे तोंड करून हसत होत्या, खांदे हलताना दिसले. मुलीने वही आणली, कालची ओळ उघडली, आणि १५२/८८ च्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं : मांजर.